फक्कीच्या भिंती

लग्नाला जाताना आहेराच्या पाकिटाबरोबर बादली नेणाऱ्या बाई मी आयुष्यात एकच पाहिल्या, आणि नेमकं त्यांच्याच हाताखाली मला आर्किटेक्ट व्हायचं होतं.

बादली लाल, प्लॅस्टिकची, एका बाजूला चिरलेली. कार्यालयात पोचल्या की बाई वधूवरांकडे ढुंकून न बघता आधी बाथरूम गाठत. बादली भरत, फरशीच्या मधोमध पाणी ओतत आणि पदर खोचून त्या पाण्याकडे बघत उभ्या राहत. पाणी गुपचूप जाळीकडे गेलं तर बाहेर येऊन दोन अक्षता टाकत. पाणी जागीच रेंगाळलं तर मुहूर्त गेला खड्ड्यात, आधी मॅनेजर हजर व्हायचा. एकदा कोथरूडच्या एका कार्यालयात पाणी उंबऱ्यावरून निघालं ते थेट वरमाईच्या पैठणीपर्यंत गेलं. मंगलाष्टकं मध्येच थांबली. वरमाईंनी पैठणी उचलून धरली आणि विचारलं, हे काय आहे? बाई शांतपणे म्हणाल्या, "उतार. उलटा आहे."

आणि पुढे म्हणाल्या की माझ्यावर डोळे काय काढता, ज्यानं हे बांधलं तो इथे जेवायला असेल तर त्याच्यावर काढा. तो होता. मुलीचा सख्खा मामा. मुलीला बोहल्याकडे घेऊन निघाला होता, तो मागल्या पावली गच्चीवर गेला आणि पंगती उठेपर्यंत खाली आला नाही म्हणतात. मी स्वतः तिथे नव्हतो. पण ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे, की आता मला त्या मामाच्या फेट्याचा रंगसुद्धा दिसतो. केशरी होता.

बाईंचं ऑफिस बुधवार पेठेत, माइक आणि स्पीकर विकणाऱ्या एका दुकानाच्या बरोबर डोक्यावर. खाली गिऱ्हाईक आलं की दुकानदार आवाज चढवून दाखवायचा, आणि वर आमच्या टेबलांवरच्या पेन्सिली फुगड्या घालायच्या. गणपती जवळ आले की हादरे असे, की मी काढलेला जिना दुपारपर्यंत आपणहून दोन पायऱ्या खाली उतरलेला असायचा. मी तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, बरं आहे, भूकंपाची वेगळी शिकवणी लावायला नको.

ऑफिसात कॉम्प्युटर होते, पण शेवटचा नकाशा हातानं, शाईनं, ट्रेसिंग पेपरवर. ट्रेसिंग पेपर म्हणजे तो दुधाळ, अर्धपारदर्शक कागद, ज्यातून पलीकडचं दिसतं. त्याच्यावरची चूक ब्लेडनं खरवडावी लागते. बाईंचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरवर चूक पुसली की आपण चुकलो होतो हेच माणूस विसरतो. ब्लेड घेऊन बसावं लागलं की पुढच्या वेळी हात आपोआप थांबतो. माझा हात एवढा थांबायला लागला की आठवड्यात एक संडास काढून व्हायचा नाही.

चष्मा न लावण्याचाही त्यांचा हट्ट होता. चष्मा होता. तो पर्समध्ये, जांभळ्या मखमली डबीत असतो असं सगळे म्हणायचे. पाहिला कोणीच नव्हता. "मला रेघा दिसतात," त्या म्हणायच्या. "अक्षरं तुम्ही तुमच्या समाधानासाठी लिहिता."

हाक मारण्याची तऱ्हाही न्यारी. शिकाऊ पोरांना त्या 'अहो विशारद' म्हणत. वास्तुविशारदातलं वास्तू अजून यायचं आहे, म्हणून नुसतं विशारद. 'अहो विशारद, आपण हा जो दरवाजा काढलाय तो उघडला की आतला माणूस कमोडवरून पडेल, त्याची काही तजवीज?' त्या 'अहो'मध्ये एवढी थंडी असायची की मे महिन्यात स्वेटर आठवायचा. ऑफिसमधल्या जुन्या माणसांना मात्र सरळ 'अरे', 'अगं'. आम्हा पोरांना आयुष्यात एवढंच मिळवायचं होतं, बाईंचं 'अरे'.

आता घरची परिस्थिती सांगतो. गरिबीची नव्हे, घराचीच.

आम्ही खडकीला राहायचो, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. बाबा भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आले ते तिथेच रुजले. क्वार्टर बाहेरून सगळे सारखे आणि आतून त्याहून सारखे. आत शिरलं की डावीकडे मोरी, मोरीच्या दाराशी खुंटी, खुंटीला टॉवेल. एकदा बाबा शिफ्टवरून येऊन चुकून शेजारच्या क्वार्टरमध्ये शिरले. पाय धुतले, टॉवेल घेतला, पाटावर बसले. शेजारच्या काकूंनी, मान खाली घालून, वाढलंसुद्धा. भाजीत मीठ कमी आहे असं बाबा म्हणाले तेव्हा कुठे दोघांना शंका आली, कारण काकांची अशी तक्रार करायची छाती नव्हती.

आईचा ओटा मागच्या बाजूला. समोर खिडकी, आणि खिडकीत मागच्या ओळीची पिवळी भिंत. दर काही वर्षांनी सरकारी माणसं यायची आणि ती भिंत पुन्हा पिवळी रंगवून जायची. पोळ्या लाटताना आईला दिसलेला जगातला बदल तेवढाच.

बाबा निवृत्त व्हायला आले. क्वार्टर सोडावा लागणार होता. वाघोलीला त्यांनी कधीकाळी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तेव्हा तिथे नुसता माळ होता. आता आजूबाजूला कॉलेजं, इमारती आणि रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. कोणाही आर्किटेक्टला गाठून नकाशा मंजूर करून घेतला असता तर घर उभं राहिलं असतं. पण बाबांनी अख्ख्या कॉलनीसमोर जाहीर केलं, घराच्या नकाशावर सही करीन तर माझ्या पोराची. तोवर भाड्यानं राहू.

आता आमच्या धंद्याची गोम अशी, की कॉलेजात पाच वर्षं घासली आणि डिग्री घेतली म्हणजे माणूस आर्किटेक्ट होत नाही. दिल्लीच्या कौन्सिलकडून नोंदणीचा नंबर यावा लागतो. तो येईपर्यंत नावापुढे आर्किटेक्ट लिहिलं तर तो गुन्हा, आणि मंजुरीच्या नकाशावर सही केली तर ती नुसती चित्रकला. नंबरासाठी डिग्री हवी. डिग्रीसाठी एका नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली राबल्याचा सहीनिशी दाखला हवा. म्हणजे माझे आई-बाबा भाड्याच्या दोन खोल्यांतून स्वतःच्या घरात कधी जाणार, हे बाईंच्या पेनावर अवलंबून होतं. आणि ते पेन त्या कोणाला उसनंसुद्धा देत नसत.

बाबा एकदा मला ऑफिसवर भेटायला आले. बाईंना नमस्कार करून अभिमानानं म्हणाले, "मी आर्किटेक्टचा बाप."

बाई म्हणाल्या, "अजून नाही. अजून तुम्ही पेन्सिलीचे बाप आहात."

बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते कॉलनीभर सांगितलं.

दाखल्याबद्दल बाईंचा नियम वेगळाच होता. इतर ऑफिसांत महिने भरले की सही मिळते. बाई म्हणायच्या, हजेरी बघून सही करायला मी काय वॉचमन आहे? त्यांची परीक्षा फक्कीची. फक्की म्हणजे मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात ती पांढरी भुकटी. शिकाऊ पोरानं एक घर डिझाइन करायचं, ते मोकळ्या जमिनीवर फक्कीनं खऱ्या मापात आखायचं, आणि बाई त्यात दिवसभर राहणार. राहणार म्हणजे राहणार. दारातूनच आत येणार, खोलीतच बसणार, भिंतीवरून पलीकडे बोलणार नाहीत. संध्याकाळी त्या घरात जेवायला थांबावंसं वाटलं तर सही. नाही वाटलं तर तुमची डिग्री तुम्हाला लखलाभ.

हे वेड कुठून आलं असं मी विचारलं तर म्हणाल्या, गिऱ्हाइकांमुळे. लोक कागदावर घर बघत नाहीत, कागदावर ते स्वतःला बघतात. हिंजवडीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं आलं होतं. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणालं, किचन ओपनच हवं, भिंत नको, पार्टीशी कनेक्टेड वाटलं पाहिजे. बाईंनी वाद घातला नाही. ऑफिसातल्या चहाच्या शेगडीवर तेल तापवलं आणि मूठभर हिरव्या मिरच्या त्यात सोडल्या. नवरा खोकत जिन्यापर्यंत गेला. खालच्या दुकानात माइक चालू होता, त्यात दुकानदाराचं खोकणं सगळ्या बुधवार पेठेला ऐकू गेलं. परत आल्यावर बायको डोळे पुसत म्हणाली, "मॅम, वॉल हवी." बाई म्हणाल्या, "दारासकट देते."

माझ्या आधीच्या पोराचं घर बाईंनी सकाळी दहाच्या आत सोडलं होतं. उघडा माळ, चारी बाजूंनी वारा, आणि बाई मध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "गुदमरतंय." पोरगं तिथेच फक्कीच्या हॉलमध्ये बसलं. सध्या ते बेकरी चालवतं, आणि त्याच्या बेकरीत हवा फार चांगली खेळते.

माझी वेळ आली तेव्हा मी ठरवलं, उगाच कुणाचं खोटं घर कशाला, आमचंच आखू. वाघोलीचा प्लॉट कोपऱ्यावरचा. समोर रस्ता. रस्त्यावरून प्लॉटकडे तोंड केलं की उजव्या हाताला एक वाहती गल्ली, आणि डाव्या हाताला कुणाच्या तरी गोदामाची लांबलचक आंधळी भिंत. मी कॉलेजात शिकलेलं सगळं त्या घरात कोंबलं. उजवीकडे गल्लीवर हॉल, आणि हॉलला जमिनीपासून छतापर्यंत अशी खिडकी की तीतून हत्ती सोंड न वळवता जाईल. मोरी त्याच्या मागे. स्वयंपाकघर डावीकडे, गोदामाच्या अंगाला, कारण ते कुठेतरी बसवायला हवंच होतं. बाबांना मी खूप प्रश्न विचारले होते. आईला विचारलं होतं, ओटा काळा हवा की हिरवा.

हिवाळ्यातली सकाळ होती. मी ट्रेसिंग गुंडाळून आणलेला. बाबांनी खुर्ची आणि वर्तमानपत्र आणलं, आईनं स्टोव्ह, पीठ, कांदे आणि परात. बाईंनी बादली. कशाला, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आखण्याचीही रीत ठरलेली. बाई ट्रेसिंग हातात धरून रेघांवरूनच मापं सांगणार, आणि पोरानं भोकं पाडलेला तुपाचा डबा घेऊन, ओणवं होऊन रेघ मारत जायचं. मान वर करायची नाही. मान वर केली की रेघ वाकडी जाते. मी तास-दीड तास जमिनीशी नाक लावून त्या सांगतील तिकडे वळत होतो. डावीकडे तीन मीटर. आता उजवीकडे. दार सोडा. कंबर अशी धरली की मला वाटलं नंबर यायच्या आधी पेन्शन येईल.

शेवटची रेघ मारून मी उभा राहिलो आणि मान वर केली.

हत्तीची खिडकी गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून होती. हॉल डावीकडे. स्वयंपाकघर उजवीकडे, गल्लीला चिकटून. अख्खं घर आरशात दिसावं तसं पालटलं होतं. मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी ट्रेसिंग पालथा धरला होता. मागून रेघा दिसत होत्या, अगदी स्वच्छ. अक्षरं तेवढी उलटी होती, आणि अक्षरं बाईंना दिसत नव्हतीच.

आमच्या ऑफिसात बाईंना कोणी चुकलंय असं म्हटल्याची नोंद नव्हती. पण भाड्याच्या खोल्या आठवल्या. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाई, ट्रेसिंग पालथा झालाय. घर उलटं आखलं गेलंय."

गल्लीतून एक गवळी म्हैस घेऊन चालला होता. तो थांबला. म्हैसही थांबली. बाईंनी ट्रेसिंगकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ट्रेसिंग सरळ आहे," त्या म्हणाल्या. "प्लॉट उलटा आहे."

मी पुन्हा म्हणालो की बाई, चुकलंय. त्या म्हणाल्या की सकाळ झाली आहे, मला घरात राहायचंय, तुम्ही हवं तर बाहेर उभे राहा. आणि दारातून आत जाऊन, चपला काढून, हॉलमध्ये बसल्या.

तेवढ्यात म्हैस वळली आणि स्वयंपाकघराची भिंत तुडवून थेट आत आली.

"अहो," बाई बसल्या जागेवरून गवळ्याला म्हणाल्या, "तुमची म्हैस भिंतीतून आली."

"म्हैस हाय ती, बाई. तिला काय ठावं भिंत?"

"मग तिला दार दाखवा."

गवळ्यानं आधी बाईंकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्यानं म्हशीला मागे घेतलं, वळसा घालून समोर आणलं आणि दारातून आत घेतलं. बाई म्हणाल्या, "आता बसा." तोही बसला. म्हशीनं उंबऱ्यावर जे करायचं ते केलं. बाईंनी तेही घरचंच धरलं.

मी मात्र वेडापिसा झालो होतो. डब्यात फक्की उरली होती. गोदामाच्या बाजूनं ओणवं होऊन मी खरं घर पुन्हा आखायला घेतलं, खोट्या घराच्या अंगावरूनच. दोन रेघा मारतो तोच बाबा रस्त्यावरून दारातून आत आले. बाहेर पायाला धूळ लागली होती. ते सवयीनं डावीकडे वळले, मोरीच्या चौकोनात उभं राहून बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले, आणि खांद्यावरचा टॉवेल हवेत एका जागी अडकवला. टॉवेल खाली पडला. बाबांनी तो उचलला, पुन्हा त्याच जागी अडकवला. पुन्हा पडला. तेव्हा ते दचकले, इकडेतिकडे बघायला लागले.

"काहून रे," बाबा मला म्हणाले, "मोरी तर बरोबर जागी आहे. खुंटी ठोकायची तेवढी राहिली."

मी म्हणालो, बाबा, मोरी उजवीकडे आहे, हे चुकीचं आखलंय. बाबा म्हणाले, पायाला विचार.

स्वयंपाकघरात आईनं स्टोव्ह पेटवला होता. तिच्यासमोर गल्ली. शाळेची पोरं गेली, भाजीची गाडी गेली, एक म्हातारी काठी टेकत जाता जाता थांबली आणि नसलेल्या खिडकीतून आत डोकावून म्हणाली, नव्या राहायला आलात का? आई म्हणाली, येणार आहोत. म्हातारीनं कोणत्या दुकानातलं तेल घेऊ नये ते सांगितलं. मग आणखी एक बाई आली. मग पाण्याच्या टँकरवाला. परातीत पीठ मळून होईतो आईला त्या गल्लीत कोणाची सून माहेरी गेली आहे आणि का, हेसुद्धा कळलेलं होतं. खडकीत पिवळ्या भिंतीनं आईला एवढ्या वर्षांत एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी डबा घेऊन तिच्यापर्यंत पोचलो आणि म्हणालो, "आई, ऊठ. ओटा तिकडे आहे, गोदामाकडे. इथे हॉल येणार."

आई उठली नाही. पोळी उलटली.

"मी नाही उठत," ती म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता, "तिकडं भिंतीच्या तोंडाशी उभी राहून मी जिंदगी काढली. तू इथंबी मले भिंतच देऊन राह्यला व्हता का?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझ्या हातातल्या डब्यातून फक्की सांडत राहिली आणि तिथे एक खोली तयार झाली, जिला कुठूनच दार नव्हतं.

शेवटी मी म्हणालो ते अगदीच केविलवाणं होतं. म्हणालो, मग माझ्या मोठ्या खिडकीचं काय? ती गोदामाकडे बघत बसेल.

बाबा म्हणाले, "तिथं टीव्ही लावू. उजेडच पडायचा नाही त्याच्यावर."

कॉलेजात शिरल्यापासून मी ज्या खिडकीसाठी रात्रीचे दिवस केले होते ती अशी बुजवली गेली. आणि बाई हॉलमध्ये डोळे मिटून बसल्या होत्या, जशा काही त्या तिथे बालपणापासून राहत होत्या.

ऊन कलायला लागलं. बाईंनी पर्स उचलली. दारापाशी आल्या, एका पायात चप्पल घातली. माझं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या चपलेवर येऊन थांबलं. बेकरीत किती जण लागतात याचा मी विचार सुरू केला होता. बाईंनी हवा हुंगली.

"पिठलं का?" त्यांनी आईला विचारलं.

"हो. झुणका नाही केला, म्हटलं तुम्हाला कोरडं होईल."

"मग बरं," असं म्हणून बाईंनी चप्पल पुन्हा काढली, स्वयंपाकघरात रीतसर दारातून गेल्या, आणि गल्लीकडे तोंड करून जेवायला बसल्या. दोनदा पिठलं घेतलं. गवळ्यालाही वाढायला लावलं.

हात धुऊन त्यांनी दाखला मागितला. पर्सच्या पाठीवर ठेवून सही केली. कागदाला माझ्या हातची फक्की लागली होती, तो धरताना सहीशेजारी त्यांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. बाबा तो फुंकायला गेले तर म्हणाल्या, राहू द्या, साक्षीदार आहे. मी म्हणालो, बाई, पण हे घर मी केलेलं नाही, हे तर उलटं झालेलं आहे.

"सही जेवणाची आहे," त्या म्हणाल्या. "ठरलं होतं तसं. आणि विशारद, मला तोंडावर चुकलंय म्हणणारे तुम्ही पहिलेच. दोनदा म्हणालात. आता सवय लावून घेऊ नका."

कॉलेजच्या क्लार्कनं तो ठसा खडूचा समजून डस्टरनं पुसायचा प्रयत्न केला. गेला नाही. निदान मी तरी असंच सांगतो.

पुढचं सगळं रीतसर झालं. शेवटचं वर्ष, थीसिस, ज्यूरी, डिग्री, दिल्लीला पाठवलेले कागद, आणि रोज उठून वेबसाइटवर स्वतःचं नाव शोधणं. एके दिवशी ते सापडलं. नंबरासकट. मी पहिला फोन बाईंना केला. खाली कुणीतरी स्पीकर घेत असावं, पलीकडून नुसती गडगड ऐकू येत होती. तीतून बाईंचा आवाज आला, "नंबर आला का? मग नीट पाठ कर. आणि ये रे कधीतरी."

मी फोन ठेवून तसाच उभा राहिलो. बाबांनी विचारलं, काय झालं, नाही आला का नंबर? मी म्हणालो, नंबर तर आलाच. त्या मला 'अरे' म्हणाल्या.

घर झालं. मंजुरीच्या नकाशावर सही माझी, शिक्का माझा. सही करताना बाबा खिडकीपाशी माझ्या इतके जवळ उभे होते की मंजुरी देणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या माणसानं त्यांना विचारलं, तुम्ही पण सही करणार का? बाबा म्हणाले, मी केली आहे, ही काय इथे उभी आहे.

वास्तुशांतीला बाई आल्या. बादली घेऊन. मोरीत गेल्या, डावीकडे. आम्ही सगळे दारात श्वास रोखून, भटजीसुद्धा. पाणी ओतलं. ते क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग सुळकन जाळीत गेलं. बाबांनी खुंटीवरचा टॉवेल काढून बाईंना हात पुसायला दिला.

तो गवळी आता आमच्याकडे दूध घालतो. प्रसाद घेता घेता तो मला म्हणाला, "ह्या बाई तवा फक्की मारायच्या आदल्या दिवशी पन आल्या हुत्या की. एकट्याच. कोपऱ्यावर लई येळ उभ्या. माझ्या मालकिनीशी गल्लीत बोलत बसल्या हुत्या."

मी तडक बाईंकडे गेलो आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "मी? काहीतरीच काय. वाघोलीला उगाच कोण येतं?"

एवढं बोलून त्या हॉलमध्ये शिरल्या आणि भिंतीसमोर थांबल्या. तिथे, टीव्हीच्या वर, बाबांनी तो ट्रेसिंग फ्रेम करून लावला आहे. खडकी बाजारातल्या फ्रेमवाल्यानं तो आधी सुलटा बसवला होता. बाबांनी त्याला सगळं उचकटायला लावून पालथा बसवून घेतला. घर आता जसं आहे तसं दिसतं. अक्षरं मात्र सगळी उलटी.

बाईंनी पर्स उघडली, जांभळी मखमली डबी काढली. आत खरंच चष्मा होता. मी आईला हाक मारून बोलावलं, असा योग पुन्हा आला नसता. बाईंनी चष्मा लावला आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"माझं नाव."

"उलटं आहे."

"घर सरळ यावं म्हणून, बाई."

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी पर्समध्ये टाकली.

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत जात आईला म्हणाल्या, "आज काय आहे? मी थांबतेय जेवायला."